जातीचं नाव कुणाच्या तोंडी?

‘भिलाटी’ म्हणजे भिल्लांची वस्ती. हा शब्द खानदेशात पत्ता सांगताना येतो. धुळे-नंदुरबारकडच्या गावात विचारलं तर कुणीही हात करून दाखवतो, आणि तिथली माणसंही सहज म्हणतात, ‘आम्ही भिलाटीतले.’ भिल्ल या नावालाच ‘ड्या’ लागून ते बाहेरच्याच्या तोंडून आलं, की ती शिवी होते. आपसात हाक, परक्यानं मारली तर घाव. हा फरक गावाला पूर्वीपासून कळतो. कायद्याला तो कळायला फार वेळ लागला.

१८१८ नंतर इंग्रजांनी भिल्लांना आधी लुटारू ठरवलं आणि १८२५ मध्ये त्यांचीच पलटण उभी केली. १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्याच्या नावाला चिकटलेला ‘चोर’ सुटला नाही. १९५५ चा कायदा अस्पृश्यतेपुरता होता. भिल्लाला किंवा पावरा आदिवासीला जातीवरून कुणी काही बोललं, तर त्याचा उपयोग नव्हता.

खरा बदल १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं झाला. त्यात आरोपी कोण असू शकतो हे सुरुवातीलाच लिहिलंय: जो अनुसूचित जाती-जमातीचा नाही, तो. म्हणजे आपसातली थट्टा कायद्याबाहेर राहिली, ते योग्यच झालं. पण एखाद्या आदिवासीनं दलित शेजाऱ्याला जातीवरून हिणवलं, तर तेही या कायद्यात बसत नाही. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

सगळ्यात जास्त गुंता झाला तो ‘लोकांच्या नजरेस पडेल अशी जागा’ या शब्दांचा. जातीवाचक शिवी अशा जागी दिली असेल तरच या कायद्यातलं शिवीचं कलम लागतं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जागा खासगी असली तरी चालेल, बाहेरच्यांना दिसायला हवं. घराच्या गेटजवळ उभ्या माणसाला दिलेली शिवी त्यात आली. जातीच्या नावाचा मूळ अर्थ काय यापेक्षा आज लोक ते कशासाठी वापरतात हे बघायचं, असंही त्याच निकालात आलं. २०२० मध्ये मात्र घराच्या चार भिंतींआड, बाहेरचं कुणी नसताना दिलेली शिवी या कलमात येत नाही असं ठरलं.

हे आपल्याकडे लावून बघा. ओट्यावरून दिलेली शिवी गल्ली ऐकते, ती बसते. पण सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याला, शिवी ओट्यावर क्वचितच मिळते. ती मिळते कपाशीच्या शेतात, मोटर बंद पडली म्हणून, मालक आणि तो दोघंच असताना. वर्षभराची उचल घेतलेला माणूस तिथं साक्षीदार कुठून आणणार? माझ्या मते कायद्याची सगळ्यात मोठी फट हीच आहे. २०१५ च्या दुरुस्तीत जातीच्या नावानं दिलेल्या शिवीला वेगळं पोटकलम मिळालं, पण नजरेची अट तशीच राहिली.

२०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं. कित्येक गावांत महारवाड्याचं भीमनगर तिथल्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधीच केलं होतं. भिलाटीतले लोक मात्र अजून भिलाटीच म्हणतात.