आधी परवाने, मग नियामक: दूरसंचार सुधारणांची पार्श्वभूमी

नवी टेलिफोन कंपनी कितीही पैसा घेऊन उतरली, तरी सुरुवातीला तिचे ग्राहक मूठभरच असतात. त्या ग्राहकांना बोलायचं असतं जुन्या कंपनीच्या लाखो ग्राहकांशी. ही जोडणी, म्हणजे इंटरकनेक्शन, जुन्या कंपनीने कोणत्या दराने द्यायची यावर नवीचं जगणं-मरणं ठरतं. म्हणूनच परवाने किती वाटले यापेक्षा नियामक केव्हा नेमला आणि त्याच्या हातात काय दिलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेत एटी अँड टीची मक्तेदारी खासगी होती आणि एफसीसी हा नियामक १९३४ पासूनच होता. तरी १९७४ मध्ये सरकारला कोर्टात जावं लागलं. अखेर १ जानेवारी १९८४ रोजी कंपनीची स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांत विभागली गेली. त्याच वर्षी ब्रिटनने ब्रिटिश टेलिकॉमचे निम्म्याहून थोडे अधिक शेअर विकले, पण विक्रीचा मार्ग मोकळा करणाऱ्या कायद्यातच ऑफटेल हा नियामकही उभा केला. स्पर्धक मात्र एकच ठेवला, मर्क्युरी. ही दोघांची मिरास १९९१ पर्यंत चालली.

न्यूझीलंडने वेगळाच रस्ता धरला. १९८९ मध्ये बाजार पूर्ण खुला केला, १९९० मध्ये सरकारी टेलिकॉम कंपनी विकली (घेणाऱ्या अमेरिटेक आणि बेल अटलांटिक या कंपन्या एटी अँड टीच्या त्याच विभाजनातून जन्मलेल्या) आणि दूरसंचारासाठी स्वतंत्र नियामक नेमलाच नाही. सर्वसाधारण स्पर्धा कायदा पुरेल, असा भरवसा होता. तो पुरला नाही. क्लिअर कम्युनिकेशन्स या नव्या कंपनीचा जोडणीचा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे न्यूझीलंडच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला. ग्राहक गेल्याने बुडणारा नफाही जोडणीच्या दरात धरण्याची जुन्या कंपनीची मागणी १९९४ मध्ये तिथे ग्राह्य ठरली. शेवटी २००१ च्या कायद्याने दूरसंचार आयुक्त नेमावा लागला.

भारतात तर धोरण ठरवणारा, परवाना देणारा आणि स्वतः सेवा चालवणारा दूरसंचार विभाग एकच होता. १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल झालं, पण मालक सरकारच. १९९४ च्या धोरणानंतर खासगी कंपन्यांना परवाने मिळाले, ३१ जुलै १९९५ रोजी मोबाइल वाजला. ट्राय हे दूरसंचार नियामक प्राधिकरण आलं १९९७ मध्ये. तोवर कंपन्या अवाच्या सव्वा बोली लावून बसल्या होत्या. आलेलं ट्रायही दुबळं निघालं: परवाना देणाऱ्या सरकारवर त्याचा अधिकार किती, हा प्रश्न कोर्टात गेला आणि १९९८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ट्रायची बाजू पडली. १९९९ च्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातला वाटा घेणं सुरू केलं, २००० मध्ये तंट्यांसाठी टीडीसॅट हे वेगळं न्यायाधिकरण आलं आणि सरकारी सेवा बीएसएनएलकडे गेली. मोबाइल सर्वसामान्यांच्या हाती पडला तो या दुरुस्त्यांनंतर. येणाऱ्या कॉलचे पैसे मोजणं तर २००३ मध्ये थांबलं.

दुरुस्ती अर्धीच राहिली. परवान्यांबाबत ट्रायचा सल्ला घेणं सरकारला बंधनकारक झालं, तो मानणं नाही. २००८ मध्ये वाटलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केले. १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा ट्रायच्या अध्यक्षपदाचं दार खासगी क्षेत्रातल्या अनुभवी व्यक्तींसाठी उघडतो. ट्रायच्या शिफारशी मात्र आजही शिफारशीच आहेत.