गाणी ऐकायचा प्लेअर घेताना आधी बॅटरी पाहा

"आईला मोबाईल झेपत नाही. फक्त गाणी ऐकण्यापुरता एखादा छोटा प्लेअर सुचव ना, टिकाऊ." हा प्रश्न ओळखीपाळखीतून सतत येतो. अभ्यासाच्या वेळी फोन लांब ठेवू पाहणारी मुलं विचारतात, रियाजासाठी तानपुरा नि जुनी ध्वनिमुद्रणं हाताशी हवी असणारे विचारतात, सकाळी फिरायला जाणारे आजोबा विचारतात. १० मे २०२२ रोजी ॲपलने आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हा प्रकारच संपला असं पुष्कळांना वाटलं. तो संपलेला नाही. बाजारात हजार-पाचशेच्या यूएसबी-एफएमवाल्या डबीपासून लाखाच्या घरातल्या यंत्रापर्यंत सगळं मिळतं.

विचारणारा बहुतेक वेळा आवाज कसा आहे नि किती जीबी आहे यावर अडलेला असतो. मी आधी बॅटरीबद्दल विचारतो. कारण प्लेअर बंद पडतो तो जवळजवळ नेहमी बॅटरीमुळे, आणि बॅटरी मरते ती गाणी वाजवून नव्हे, नुसती पडून राहून.

हिशेब करून बघा. एका चार्जमध्ये दहा तास चालणारा साधा प्लेअर रोज दोन तास वाजवला, तर पाच दिवसांत एक पूर्ण आवर्तन (बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरणं) होतं, म्हणजे वर्षाला ७३. अशा प्लेअरमधली बॅटरी, म्हणजे लिथियम-आयन सेल, साधारण ३०० ते ५०० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतो असं धरलं जातं. या हिशेबाने बॅटरी चार ते सात वर्षं सहज पुरायला हवी, आणि त्यानंतरही दहाऐवजी आठ तास चालायला हवी. प्रत्यक्षात दोन वर्षांनी कपाटातून काढलेला प्लेअर चार्जरला लावला तरी दिवा लागत नाही. मधल्या काळात तो कुणी वाजवलेलाच नसतो. मग झालं काय?

हे समजायला सेलच्या आत जावं लागतं, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत आवडतो. सेलच्या एका बाजूला असतं लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, दुसऱ्या बाजूला ग्राफाइट. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या पातळ पत्र्यांची चळत. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे वीजभार असलेले अणू, ऑक्साइडमधून निघतात, मधल्या द्रवातून पलीकडे जातात आणि ग्राफाइटच्या पत्र्यांच्या फटींमध्ये जाऊन बसतात, जास्तीत जास्त सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम. प्लेअर वाजू लागला की ते परत निघतात. जेवढं लिथियम ये-जा करू शकतं तेवढीच बॅटरीची क्षमता.

अडचण मधल्या द्रवाची आहे. त्यात पाणी चालत नाही, म्हणून कार्बोनेट वर्गातली सेंद्रिय विद्रावकं (विरघळवणारे द्रव) वापरतात आणि त्यांत लिथियमचा क्षार विरघळवतात. चार्ज झालेलं ग्राफाइट रासायनिकदृष्ट्या जवळजवळ लिथियम धातूइतकंच आक्रमक असतं. ते समोरच्या विद्रावकाला इलेक्ट्रॉन देऊन फोडायला लागतं. शुद्ध रसायनशास्त्राच्या नियमाने पाहिलं तर हा सेल चालायलाच नको, कारण द्रव भराभर फुटून संपला पाहिजे. तो वाचतो, कारण फुटलेल्या विद्रावकाचे तुकडे आणि थोडं लिथियम मिळून ग्राफाइटवर काही नॅनोमीटर ते त्याच्या काही दहापट जाडीचा थर बसतो. दुधावर साय धरावी तसा. हा थर लिथियमच्या आयनांना आरपार जाऊ देतो आणि इलेक्ट्रॉनांना अडवतो. इलेक्ट्रॉन अडला की पुढचं विद्रावक फुटायचं थांबतं.

हा थर नीट धरणं किती नाजूक असतं पाहा. आधीच्या संशोधकांनी प्रॉपिलीन कार्बोनेट हे विद्रावक वापरून पाहिलं. त्यात ग्राफाइटचे पत्रे सुटून वेगळे होत, कारण विद्रावकाचे रेणू लिथियमबरोबर फटींमध्ये घुसत. कॅनडात जेफ डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की एथिलीन कार्बोनेट मिसळलं की थर पहिल्याच आवर्तनात घट्ट बसतो आणि पत्रे शाबूत राहतात. या दोन रेणूंमध्ये फरक फक्त एका मिथाइल गटाचा, म्हणजे एक कार्बन आणि त्याच्यासोबतचे हायड्रोजन! १९९१ मध्ये सोनीने पहिला लिथियम-आयन सेल बाजारात आणला तो वेगळ्या प्रकारच्या कार्बनवर; ग्राफाइट मागाहून सर्रास झालं, ते या विद्रावकाच्या जोरावर. २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना लिथियम-आयन बॅटरीसाठी नोबेल मिळालं तेव्हा सगळीकडे विजेच्या मोटारींची चर्चा झाली. या थराबद्दल फारसं कुणी बोललं नाही, आणि खिशातला प्रत्येक फोन व प्लेअर त्याच्यावर उभा आहे.

हा थर कारखान्यातच तयार करून देतात. सेल बांधून झाला की तो सावकाश, मोजून-मापून पहिल्यांदा चार्ज केला जातो, आणि त्यात सुरुवातीच्या लिथियमपैकी साधारण दहा टक्क्यांच्या घरातला वाटा थरात कायमचा अडकतो. तेव्हा "पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा, मगच सुरू करा" हा दुकानदाराचा सल्ला निरर्थक आहे. पहिलं चार्जिंग केव्हाच झालेलं असतं. "पूर्ण उतरल्याशिवाय पुन्हा चार्ज करू नका" हा दुसरा सल्ला निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला. लिथियमच्या सेलला तो उलट अपायकारक आहे.

थर बसल्यावर वाढ मंदावते, पण थांबत नाही. काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात तो जाड होत राहतो, आणि प्रत्येक नव्या पदराबरोबर थोडं लिथियम कामातून जातं. सेल जितका भरलेला आणि जितका गरम, तितकी ही वाढ जलद. नेहमी दिले जाणारे आकडे असे: ४० टक्के भरलेला सेल २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवला तर चारेक टक्के क्षमता जाते, तोच सेल काठोकाठ भरून ४० अंशांत ठेवला तर सुमारे ३५ टक्के. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर पारा ४५ च्या वर असतो. तिथे बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत चोवीस तास चार्जरला लावून ठेवलेला प्लेअर एका उन्हाळ्यात म्हातारा होतो.

हा झाला भरून ठेवल्याचा परिणाम. रिकामा ठेवणं त्याहून वाईट. बहुतेक प्लेअरचं बटण दाबून धरलं की पडदा विझतो, पण आतली चिप झोपलेली असते, बंद झालेली नसते. बटण पुन्हा दाबलेलं कळायला तिला थोडी वीज लागतेच. ३०० मिलीअँपिअर-तासांचा सेल असेल आणि झोपेत अर्धा मिलीअँपिअर प्रवाह जात असेल, तर ६०० तासांत, म्हणजे २५ दिवसांत सेल रिकामा. दाब अडीच-तीन व्होल्टच्या आसपास आला की संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. तरी ते सर्किट स्वतः काही मायक्रोअँपिअर घेत राहतं आणि सेलही आपसूक थोडा उतरतो. असेच महिने गेले आणि दाब दीड व्होल्टच्याही पार खाली घसरला, की ग्राफाइट ज्या तांब्याच्या पातळ पत्र्यावर लेपलेलं असतं तो पत्राच विरघळायला लागतो. पुढे कुणी असा सेल जबरदस्तीने चार्ज केला तर ते तांबं भलत्याच ठिकाणी जमा होतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून चार्जिंगचं सर्किट इतक्या खाली गेलेल्या सेलला चार्ज करायला नकार देतं. दिवा लागत नाही तो यामुळे, आणि तो लागत नाही हे चांगलंच आहे. सेल काढून थेट तारा जोडून 'जागा' करण्याचे व्हिडिओ फिरत असतात. ते करू नका.

आता निवडीकडे. पहिला प्रश्न: बॅटरी आपल्याला बदलता येते का? स्वस्तातल्या पुष्कळ एफएम-यूएसबी प्लेअरमध्ये मागचं झाकण नखाने उघडतं आणि आत बीएल-५सी हा जुन्या नोकिया फोनचा चपटा सेल असतो. गावातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातही तो मिळतो. हे दिसायला साधं यंत्र दहा वर्षं चालू शकतं, आणि वरच्या किमतीचा गोंदाने चिकटवलेला सुबक प्लेअर चालेलच असं नाही. सुरुवातीच्या आयपॉडच्या बॅटरीवरून अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि २००५ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. युरोपीय संघाच्या नव्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंची बॅटरी, काही अपवाद सोडता, ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. त्याचा फायदा इथेही पोचावा अशी माझी फार इच्छा आहे.

बीएल-५सी म्हटलं की काहींना २००७ आठवेल. मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ दरम्यान बनवलेले ४ कोटी ६० लाख सेल चार्ज होताना जास्त तापू शकतात अशी सूचना नोकियाने काढली होती, आणि आपल्याकडेही लोक धास्तावले होते. तो एका कारखान्यातल्या, एका काळातल्या मालाचा दोष होता, त्या मापाच्या सेलचा नव्हे. आज भीती बाळगायची ती नकली मालाची. काही प्लेअरमध्ये लागणाऱ्या १८६५० या गोल सेलवर ९९०० मिलीअँपिअर-तास छापलेलं दिसलं तर तो तिथेच ठेवा. १८ मिलिमीटर व्यासाच्या नि ६५ मिलिमीटर लांबीच्या त्या नळकांड्यात नामांकित कंपन्यांनाही साडेतीन हजारांच्या फार पुढे जाता आलेलं नाही.

दुसरा प्रश्न: सरकवायचं बटण आहे का? खट्‌ आवाज करून खरोखर तार तोडणारं? बाजूला तसं बटण असेल तर प्लेअर कपाटात वर्ष काढेल. ते नसेल आणि बॅटरीही बदलता येत नसेल, तर तो रोज वापरणाऱ्यालाच द्यावा.

तिसरा प्रश्न अँड्रॉइडवर चालणाऱ्या महागड्या प्लेअरबद्दल. त्यांचा मोठा पडदा नि प्रोसेसर आठ-दहा तासांत बॅटरी संपवतात आणि न वाजवतानाही ती खात राहतात. रोज एक आवर्तन म्हटलं तर वर्षाला ३६५. तिथे मात्र वरचा ७३ चा हिशेब कोसळतो आणि दीड-दोन वर्षांत फरक जाणवतो.

साध्या पेन्सिल सेलवर चालणारा प्लेअर मिळाला तर उत्तमच. १९७९ चा पहिला वॉकमनही दोन पेन्सिल सेलवरच चालायचा. त्याची काळजी वेगळी. अल्कलाइन सेल आत विसरला की त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून स्प्रिंगवर पांढरी, कुरकुरीत पुटं धरतात आणि खालचा धातू हिरवट पडतो. कापसाला थोडं व्हिनेगर लावून ती पुसली, मग कोरडं केलं, की बऱ्याचदा संपर्क परत येतो. महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा.

आवाजाबद्दल थोडक्यात. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि सीडीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे लहरीची मोजमापं, २२,०५० हर्ट्झपर्यंतची लहर पूर्ण परत उभी करतात. नमुन्यांचे त्याच्या पुढचे १९२ नि ७६८ किलोहर्ट्झचे आकडे खोक्यावर शोभून दिसतात, कानापर्यंत पोचत नाहीत. २०१५ मध्ये सोनीने 'उत्तम आवाजासाठी' म्हणून ६४ जीबीचं मेमरी कार्ड साडेअठरा हजार येनला आणलं होतं. गाण्याची फाइल म्हणजे आकडे. ते बरोबर वाचले गेले की कार्ड कुणाचंही असो, आकडे तेच राहतात. त्यापेक्षा चांगल्या हेडफोनवर पैसे घाला. कार्ड मात्र खरं घ्या. नकली कार्ड ६४ जीबी सांगतं, आठ जीबी भरल्यावर जुन्या गाण्यांवरच नवी लिहितं, आणि दोष प्लेअरला जातो. घेतल्याबरोबर संगणकावर पूर्ण भरून, परत वाचून तपासावं. मूळ प्रत घरच्या संगणकावर ठेवावीच.

वापरात नसलेला प्लेअर निम्मा चार्ज करून, थंड जागी ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा बघा. पाठ फुगलेली दिसली, पडदा एका कडेने उचलला गेला असेल, तर आत विद्रावक फुटून वायू झालेला आहे. चार्जिंग लगेच थांबवा, टोचू नका, दाबू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला असा सेल पेट घेतो. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि ई-कचरा संकलन केंद्रंही त्या स्वीकारतात. तिथे नेईपर्यंत कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेरच्या सावलीत ठेवा.