कॉर्डलेस माईक एकाच जागी का मुका होतो?

संक्रांतीचे दिवस, सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरलेला. आमच्या भागात कीर्तन होतं. पत्र्याचा मंडप, लोखंडी खांब, बुवांच्या उपरण्याला कॉलर माईक. अभंग रंगात आला, बुवा दोन पावलं पुढे आले आणि आवाज खटकन बंद. मागे सरले की पुन्हा सुरू. तीनदा त्याच जागी. कुणीतरी 'नजर लागली' म्हणून रिसीव्हरला, म्हणजे माईकचा सिग्नल पकडणाऱ्या डब्याला, लिंबू-मिरची बांधली. चौथ्यांदाही आवाज तिथेच गेला. दोष त्या जागेतच होता, आणि तो पट्टीने मोजता येतो!

कॉलर माईकची वायर बुवांच्या कमरेच्या डबीत जाते आणि त्या डबीतून रेडिओलहरी निघतात. समजा, त्या 600 मेगाहर्ट्‌झच्या आहेत, म्हणजे सेकंदाला 60 कोटी कंपनं. प्रकाशाचा वेग सेकंदाला 30 कोटी मीटर. भागाकार केला की लहरीची लांबी निघते अर्धा मीटर. ही लहर रिसीव्हरकडे सरळ जाते, तशीच पत्र्यावर आणि खांबांवर आपटूनही जाते. एकच लहर अनेक वाटांनी पोचते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की खरखर ऐकू येऊ नये म्हणून रिसीव्हर स्वतःच आवाज तोडतो. समोरासमोरून येणाऱ्या लहरींत अशा मुक्या जागा 25 सेंटीमीटरवर येतात, म्हणजे जेमतेम वीतभर अंतरावर. म्हणून एका पावलात खेळ बिघडतो आणि एका पावलात सुधारतो.

यावरचा उपाय मला फार आवडतो. रिसीव्हरला दोन अँटेना द्यायच्या. एक मुक्या जागेत सापडली तरी दुसरी बहुधा सापडत नाही. एकीचा सिग्नल शंभरात एकदा जात असेल आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वेळी जाण्याची शक्यता दहा हजारात एक! चांगला रिसीव्हर क्षणोक्षणी जिचा सिग्नल जोरदार तिचा आवाज घेतो. मात्र दोन काड्या दिसल्या म्हणून भुलू नका. दोन माईकच्या स्वस्त सेटमध्ये बरेचदा एकेका माईकला एकेकच काडी असते.

आमचा रिसीव्हर टेबलाखाली अँप्लिफायरला चिकटून होता, काड्या मिटलेल्या. माणसाचं शरीर बहुतांशी पाण्याचं, ते या लहरी शोषतं. आणि पुढे तर सगळी मंडळी बसलेली. मी रिसीव्हर उंच लाकडी स्टुलावर ठेवला, काड्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकवल्या. पसायदानापर्यंत आवाज एकदाही गेला नाही.

माईक जास्त असले तर आणखी एक भानगड. 600, 601 आणि 602 असे सारख्या अंतरावर तीन माईक लावले, की पहिल्या दोघांच्या मिश्रणातून (601 ची दुप्पट वजा 600) नेमका 602 तयार होतो आणि तिसऱ्याच्या उरावर बसतो. म्हणून चॅनेल विषम अंतरावर निवडायचे.

बाकी निगा साधी आहे. हातातल्या माईकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी मारतो. बुडाशीही धरू नका. बऱ्याच माईकची अँटेना तिथेच असते. जाळी फिरवून काढा, आतल्या स्पंजसकट कोमट साबणपाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. कार्यक्रम संपला की सेल काढून ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद पेटीत राहिलेला सेल पाझरतो आणि आतल्या पट्ट्यांवर हिरवट बुरा धरतो.