ठिणगी पडते, पण वेळेवर पडते का?

फोर्ड मॉडेल टीच्या डॅशवर एक पेटी असते. तिची चावी 'बॅटरी'कडे वळवली आणि टायमर (कोणत्या सिलिंडरच्या कॉइलला वीज जोडायची ते ठरवणारा फिरता स्विच) नेमका एखाद्या संपर्कावर थांबलेला असला, तर इंजिन सुरू होण्याआधीच पेटीतून भुणभुण ऐकू येते. आत चार लाकडी खोकी उभी असतात, चार सिलिंडरना चार. प्रत्येक खोक्यात ठिणगी पाडणारी एक इग्निशन कॉइल, आणि तिच्या डोक्यावर थरथरणारी पोलादी पट्टी.

१९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक टी बनल्या. म्हणजे निदान सहा कोटी कॉइल झाल्या. त्यातल्या कितीतरी आजही गॅरेजच्या फळ्यांवर धूळ खात पडलेल्या सापडतात, आणि बहुतेक पुन्हा कामाला लावता येतात. अडचण दुरुस्तीत नसते, परीक्षेत असते. बॅटरी जोडायची, निळी ठिणगी उडालेली बघायची आणि 'कॉइल ओके' म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय जुन्या गाड्यांच्या नादातल्या पुष्कळांना आहे. अशा चार 'ओके' कॉइल घातलेली टी चालते, पण थरथरत आणि धापा टाकत. मालक मग कार्ब्युरेटरशी झुंजत बसतो.

कॉइलची रचना शाळेत शिकवतात त्या विजेच्या घंटेचीच आहे. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे, ती प्रायमरी. तिच्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, ती सेकंडरी. प्रायमरीतून करंट वाहिला की गाभा चुंबक होतो आणि वरची पट्टी खाली ओढतो. पट्टीवर पॉइंट असतो, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा संपर्क. पट्टी खाली गेली की पॉइंट उघडतो, करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं, पट्टी पुन्हा वर. घंटेत एवढ्यावर भागतं. कॉइलमध्ये खरं काम त्या कोसळण्याच्या क्षणी होतं: चुंबकीय क्षेत्र जितक्या झटक्यात नाहीसं होईल तितका जास्त व्होल्टेज सेकंडरीत उठतो. फॅरडेने १८३१ मध्ये मांडलेला नियम तो हाच. सहा व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्ट निघतात आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते. गाभा सलग लोखंडाचा नसून तारांची जुडी असते, तीही याच कारणासाठी. सलग लोखंडात भोवरी प्रवाह फिरू लागले असते, त्यांनी क्षेत्राचं कोसळणं मंदावलं असतं आणि गाभा फुकट तापला असता.

पण पॉइंट उघडला म्हणून करंट लगेच थांबत नाही. प्रायमरीही त्या क्षणी उसळी मारते आणि उघडणाऱ्या पॉइंटच्या फटीत दोन-तीनशे व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. मग ठिणगी प्लगऐवजी पॉइंटमध्येच पडते, करंट रेंगाळतो आणि पॉइंट जळतात. यावर फ्रान्सचा भौतिकशास्त्रज्ञ फिझो याने १८५३ मध्ये उपाय सुचवला: पॉइंटला समांतर कंडेन्सर जोडा. पॉइंट उघडताना येणारा लोंढा कंडेन्सर आपल्यात घेतो, तोवर फट पुरेशी रुंद होते. हेनरी फोर्डच्या कॉइलमध्ये तोच कंडेन्सर आहे, कथलाच्या पातळ पत्र्यांमध्ये मेणकागद घालून गुंडाळलेला.

शंभर वर्षांत पहिला बळी जातो तो याचाच. कागद ओल शोषतो, हळूहळू आम्लधर्मी होतो, आणि त्यातून करंट पाझरू लागतो. गंमत अशी की साधा मल्टिमीटर याला पास करतो, कारण मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो आणि कंडेन्सरला कामाच्या वेळी शेकडो व्होल्ट सोसायचे असतात. म्हणून जाणकार मोजत बसत नाहीत, मूळ कंडेन्सर सरळ बदलतात. भारतात आलेल्या बऱ्याच टी कॅनडातून, उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह आल्या. त्यातल्या ज्यांनी मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत पावसाळे काढले, त्यांच्या कॉइलमधल्या कागदाची काय गत झाली असेल याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाही.

आता वेळेचा मुद्दा. नंतरच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट कॅमने उघडतात. ठिणगी कधी पडायची ते दातेरी चाकांनी ठरलेलं असतं. टीमध्ये टायमर फक्त कॉइलचं सर्किट जोडतो. ठिणगी त्या क्षणी पडत नाही. प्रायमरीतला करंट चढायला वेळ लागतो, तो पट्टी ओढण्याइतका झाला की पॉइंट उघडतो, आणि मग ठिणगी. बॅटरीवर हा उशीर साधारण दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. ऐकायला काहीच नाही. पण इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो. एका कॉइलची पट्टी कडक आणि दुसरीची ढिली असेल, दोघींच्या उशिरात मिलिसेकंदाचा फरक असेल, तर एका सिलिंडरचं टायमिंग दुसऱ्यापेक्षा ६ अंशांनी सरकलं. दोन्हींची ठिणगी मात्र तितकीच निळी आणि तितकीच जोरदार दिसते. डोळ्याला मिलिसेकंद दिसत नाही, म्हणून ती 'ओके'ची सवय फसवते.

मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकांनी वीज बनवणाऱ्या यंत्रावर, गाडी चालते तेव्हा प्रकरण आणखी रंगतदार होतं. टीच्या फ्लायव्हीलवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे १६ चुंबक बोल्टने बसवलेले असतात आणि समोर १६ स्थिर वेटोळी. या रचनेचं श्रेय फोर्डचा सहकारी एडवर्ड 'स्पायडर' हफ याला दिलं जातं. बॅटरी लागत नाही, ब्रश नाहीत, कार्बन नाही. १९१९ पर्यंत टीला कारखान्यातून बॅटरी आणि इलेक्ट्रिक स्टार्टर नव्हताच, हँडल मारायचं आणि मॅग्नेटोवर सुरू करायचं. एका फेरीत १६ चुंबक म्हणजे विजेच्या १६ अर्धलहरी, दर २२.५ अंशांना एक. करंट प्रत्येक लहरीत चढतो आणि शून्यावर येतो, त्यामुळे पट्टी ओढण्याइतका तो लहरीच्या ठरावीक टप्प्यावरच होतो. ड्रायव्हरने ठिणगीची वेळ पुढेमागे करणारा डाव्या हाताचा स्पार्कचा दांडा कितीही सावकाश सरकवला तरी ठिणगी सलग पुढे सरकत नाही, एका लहरीवरून दुसरीवर उडी मारते. मॉडेल टी चालवणाऱ्यांना दांड्याच्या एका जागी इंजिनाचा सूर अचानक बदललेला जाणवतो, त्याचं कारण हे. आणि एखादी कॉइल आळशी असेल तर बाकीच्या तिघी पुढच्या लहरीवर गेल्या तरी ती मागेच राहते.

दुरुस्तीला सुरुवात लाकडापासून. खोकं दातेरी सांध्यांनी जोडलेलं असतं आणि एक बाजू सरकून निघते. आत कॉइल आणि कंडेन्सर डांबरात बुडवलेले. कंडेन्सरच्या भोवतालचं डांबर तेवढं हळूहळू खरवडून काढतात, सेकंडरीच्या वाटेला अजिबात न जाता. तिची तार इतकी बारीक असते की एक फटका पुरे. खोकं उन्हात वा भट्टीत तापवून डांबर पातळ करायचा मोह होतो, तो आवरलेला बरा: मग डांबर नको तिथे वाहतं आणि आतली जुनी जोडणी हलते. नवा कंडेन्सर साधारण ०.४७ मायक्रोफॅरडचा, पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घेतात. नुसता आकडा जुळून भागत नाही. पॉइंट मिटताना कंडेन्सर झटक्यात रिकामा होतो, असे धक्के सोसणाराच हवा. मूल्य फार कमी घेतलं तर पॉइंट जळतात, फार जास्त घेतलं तर क्षेत्राचं कोसळणं मंद होऊन ठिणगी दुबळी पडते. सेकंडरीचे काही वेढे आतल्या आत एकमेकांना चिकटलेले असतील तर रेझिस्टन्स मोजून कळत नाही, ठिणगीच मरतुकडी राहते. अशा कॉइलवर वेळ घालवू नये. तिचं खोकं आणि पितळी संपर्क दुसरीसाठी काढून ठेवावेत.

लाकूड सुकं हवं, हे सांगायला सोपं आणि सांभाळायला अवघड. ओल्या लाकडातून वीस-पंचवीस व्होल्ट पाझरले तर बिघडत नाही, पण सेकंडरीचे हजारो व्होल्ट त्यात वाट शोधतात. एकदा वाट पडली की लाकडात कोळशाची बारीक रेघ उमटते आणि पुढची प्रत्येक ठिणगी तिथूनच पळते. डॅशवरच्या पेटीतल्या लाकडी अस्तरालाही हीच व्याधी, आणि अनेकदा दोष कॉइलवर येतो तो या अस्तराचा असतो.

मग पॉइंट. खालचा पॉइंट चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या पट्टीवर, वरचा पितळी पुलाखालच्या बारीक स्प्रिंगवर. ही वरची स्प्रिंग मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. खालची पट्टी निघाली की ती लगेच तिची साथ सोडत नाही, सुमारे ०.१३ मिलिमीटर बरोबर खाली येते आणि मग रिव्हेटला अडते. तोवर पट्टीने वेग घेतलेला असतो, त्यामुळे पॉइंट रेंगाळत न उघडता ताडकन उघडतात. ही मोकळीक गंजाने वा कुणाच्या पकडीने नाहीशी झाली की कॉइल चालते, पण कधी वेळेवर, कधी उशिरा. पट्टी दाबून धरल्यावर पॉइंटमधली फट पाऊण मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. फिलर गेजने एवढं जमतं, पण पट्टीचा ताण गेजने मोजता येत नाही.

त्यासाठी हँडलचा टेस्टर असतो. त्याच्या पोटात टीचाच मॅग्नेटो, वर गोल कडं आणि त्यात फिरणारा काटा. हँडल फिरवलं की कड्यावर एका फेरीत १६ ठिणग्या उडतात. त्या सारख्या अंतरावर, एकेकट्या पडल्या पाहिजेत, आणि मीटरवर १.३ अँपिअर दिसलं पाहिजे. एखाद्या जागी जोडठिणगी दिसली तर पट्टीचा ताण किंवा वरची स्प्रिंग चुकली. करंट जास्त असेल तर पट्टी फार कडक, उशीर जास्त. बोटाने हलकेच पूल ठोकत, पट्टी कणभर वाकवत चारही कॉइल एका रांगेत आणायच्या. आता इलेक्ट्रॉनिक टेस्टर प्रत्येक ठिणगीचा उशीर थेट आकड्यात दाखवतात, आणि मला विचाराल तर तेच वापरावेत. जुन्या खोक्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून विकतात ते मात्र मला पटत नाही. गाडी चालते खरी, पण मग जपलं काय?

टीच्या कॉइलचा एक उपयोग फोर्डने योजलेला नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेतले हौशी बिनतारीवाले या कॉइलवर ठिणगीचे ट्रान्समीटर चालवत. स्वस्त, सगळीकडे मिळणाऱ्या, आणि शेजाऱ्यांच्या रिसिव्हरमध्ये खरखर माजवणाऱ्या.

गाडीत बसवल्यावर एखादा सिलिंडर मिस मारत असेल तर लगेच कॉइल उघडू नये. इंजिन चालू ठेवून लाकडी दांडीने एकेक पट्टी दाबून धरायची. जी दाबल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. मग इंजिन बंद करून ती कॉइल शेजारच्या जागेत आणि शेजारची तिच्या जागेत घालायची. दोष कॉइलबरोबर सरकला तर टेस्टरकडे जायचं. जागेवरच राहिला तर प्लग, वायर किंवा टायमरचा रोलर पाहायचा. टायमरला तेल कधी घातलं होतं, हा प्रश्न मालकाला त्याआधीच विचारलेला बरा.