भारतीय क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा, १९५९

दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने १९५९ च्या उन्हाळ्यात केलेला इंग्लंडचा दौरा. पाच कसोटींची ही मालिका इंग्लंडने ५–० अशी जिंकली. पाचही कसोटी जिंकण्याची इंग्लंडची ही पहिलीच वेळ होती. बडोद्याच्या क्रिकेटच्या इतिहासात या दौऱ्याला वेगळे स्थान आहे, कारण कर्णधार आणि व्यवस्थापक दोघेही बडोद्याचे होते. व्यवस्थापकपदी महाराजा फत्तेसिंहराव गायकवाड होते. रणजी स्पर्धेत बडोद्याकडून खेळलेले महाराज त्या वेळी बडोद्याचे खासदारही होते. जयसिंगराव घोरपडे आणि तेव्हा बडोद्याकडूनच रणजी खेळणारे चंदू बोर्डे हेही संघात होते. त्याआधीच्या १९५२ च्या इंग्लंड दौऱ्याचे नेतृत्व विजय हजारे यांनी केले होते, म्हणजे लागोपाठ दोन इंग्लंड दौऱ्यांना कर्णधार बडोद्यानेच दिला.

बडोद्याचा त्या काळातला दबदबा पाहिला तर याचे नवल वाटू नये. गायकवाडांच्या राजाश्रयामुळे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले मोतीबाग मैदान क्रिकेटचे माहेरघर झाले होते. हजारे यांना दरबाराने पदरी ठेवले होते. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. कोणत्याही गड्यासाठीच्या सर्वोच्च भागीचा तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. १९५७-५८ मध्ये सेनादलाला हरवून बडोद्याने चौथ्यांदा रणजी करंडक पटकावला, तो दत्ताजीरावांच्या नेतृत्वाखाली.

पण त्यांच्या हाती जो राष्ट्रीय संघ आला, त्याची घडी आधीच विसकटलेली होती. १९५८-५९ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजच्या हॉल आणि गिलख्रिस्ट या तेज जोडीने भारतीय फलंदाजांची दाणादाण उडवली. त्या एका मालिकेत उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड आणि अधिकारी असे चार कर्णधार झाले. निवड समितीतले वाद चव्हाट्यावर आले. दिल्लीच्या शेवटच्या कसोटीत दत्ताजीरावांनी ५२ धावा केल्या, ही त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी. लगेच पुढच्या दौऱ्याची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हा ते तीस वर्षांचे होते. हे लक्षात न घेता पाच पराभवांचे खापर त्यांच्यावर फोडणे अन्यायाचे ठरते.

नॉटिंगहॅमची पहिली कसोटी एक डाव ५९ धावांनी गेली आणि तिथेच बोर्डे यांचे बोट मोडले. लॉर्ड्सच्या दुसऱ्या कसोटीपूर्वी दत्ताजीराव छातीच्या विकाराने आजारी पडल्यामुळे पंकज रॉय यांनी नेतृत्व केले. या सामन्याकडे बारकाईने पाहायला हवे. इंग्लंडचा तेज गोलंदाज स्टॅथम याच्या चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टर यांची बरगडी मोडली, तरी ते खेळत राहिले आणि ८१ धावा केल्या. दुसऱ्या बाजूने घोरपडे यांनी ४१ धावांची चिवट साथ दिली. ही जोडी फुटताच डाव १६८ वर कोसळला. मग रमाकांत देसाई धावून आले. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचे, पण चेंडूला विलक्षण वेग. इंग्लंडची अवस्था ७ बाद १०० झाली होती. आठव्या गड्यासाठी बॅरिंग्टन आणि स्टॅथम यांनी ८४ धावा जोडल्या आणि सामना निसटला. देसाईंचे ८९ धावांत ५ बळी आणि मोडक्या बरगडीने दुसऱ्या डावात पुन्हा मैदानात उतरलेले कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडे पाहिले, तर ‘आठ गडी राखून पराभव’ एवढी नोंद अपुरी वाटते.

लीड्सला पुन्हा डावाने हार झाली. ओव्हलवरची शेवटची कसोटीही डावानेच गेली.

चौथी कसोटी मँचेस्टरची. विजय मांजरेकर जायबंदी झाल्याने ऑक्सफर्डमध्ये शिकत असलेल्या वीस वर्षांच्या अब्बास अली बेग यांना बोलावून घेण्यात आले. पहिल्या डावात २८२ धावांची आघाडी असूनही इंग्लंडचे कर्णधार काउड्री यांनी फॉलोऑन दिला नाही, म्हणजे भारताला लगेच पुन्हा फलंदाजीला लावले नाही, आणि भारतापुढे ५४८ धावांचे आव्हान आले. ऱ्होड्सचा उसळता चेंडू डोक्यावर बसून बेग यांना मैदान सोडावे लागले. ते परत आले आणि पदार्पणातच ११२ धावा करून गेले. उम्रीगर यांनीही ११८ धावा काढल्या. १९५२ मध्ये इंग्लंडचा तेज गोलंदाज ट्रूमन याच्यासमोर चाचपडल्याची टीका याच उम्रीगरांनी सोसली होती, म्हणून या शतकाचे मोल मोठे आहे. भारताने ३७६ पर्यंत मजल मारली आणि सामना १७१ धावांनी गमावला. मालिकेतला हा सर्वांत मोठा प्रतिकार, आणि तो संघ ३–० ने मागे असताना झाला.

पराभवाचे मूळ कारण घरच्या क्रिकेटमध्ये होते. संथ, फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांवर वाढलेल्या फलंदाजांना खऱ्या वेगाचा सराव कुठे मिळणार? ट्रूमनने मालिकेत २४ बळी घेतले, स्टॅथमने १७. भारताच्या बाजूने सुभाष गुप्ते यांनीही १७ बळी मिळवले. सुरेंद्रनाथ यांचा स्विंग शेवटच्या दोन कसोटींत चांगला चालला. पण धावाच पुरेशा नसताना गोलंदाजांनी किती किल्ला लढवावा?

दौरा संपला तेव्हा दत्ताजीरावांचे कर्णधारपदही संपले. पुढे जी. एस. रामचंद यांच्याकडे नेतृत्व गेले, आणि त्याच डिसेंबरात कानपूरला जसू पटेल यांच्या १४ बळींच्या जोरावर भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरवले. दत्ताजीराव खचले नाहीत. १९५९-६० च्याच मोसमात त्यांनी रणजी स्पर्धेत महाराष्ट्राविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या, ही त्यांची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी ठरली. १९६१ साली पाकिस्तानविरुद्ध मद्रासला ते शेवटची, अकरावी कसोटी खेळले. फत्तेसिंहराव १९६३ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि नंतर पाकिस्तान दौऱ्यांवरही व्यवस्थापक म्हणून गेले. दत्ताजीरावांचे पुत्र अंशुमन यांनीही भारताकडून कसोटी क्रिकेट गाजवले. दत्ताजीराव १३ फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी बडोद्यात वारले. त्या वेळी ते भारताचे सर्वांत वयोवृद्ध हयात कसोटीपटू होते.