पाच किलोमीटरच्या आतले पाणी

मुक्तीनंतर गोव्यात ट्रॉलर, म्हणजे तळाशी जाळे ओढणाऱ्या यांत्रिक बोटी, आल्या त्या अनुदान आणि कर्जाच्या जोरावर. वाढत्या लोकसंख्येला स्वस्त प्रथिने हवीत, तेव्हा जास्त मासे धरा, असा तो जगभरचाच काळ. पण गोव्यातले ट्रॉलर निघाले सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या मागे, आणि चांगली सुंगटे चालली परदेशात. सत्तरच्या दशकात पर्ससीन, म्हणजे थवा घेरून खालून आवळणारी जाळी आली. बांगड्या-तारल्यांचे थवे रापणीच्या, म्हणजे काठावरून ओढायच्या जाळ्याच्या, टप्प्यात येण्याआधीच घेरले जाऊ लागले. रापण ओढायला अख्खी वस्ती लागे आणि दोराला हात लावणारा टोपलीत वाटा घेऊन घरी जाई. तो वाटाच आटला.

मोर्चे, उपोषणे, समुद्रातल्या हाणामाऱ्या झाल्यावर 1980 चा कायदा झाला आणि किनाऱ्यापासून 5 किलोमीटर पाणी छोट्या होड्यांसाठी राखले गेले. खरी मेख इथेच आहे. सुंगटे मिळतात ती उथळ, चिखलाच्या तळाशी. बांगडाही हंगामात काठालगत येतो. म्हणजे ज्या पाण्यात सर्वांत जास्त पैसा, नेमके तेच ट्रॉलरना बंद. रात्री तिथे जाळे ओढणाऱ्याला पकडायचे कोणी आणि अंतर मोजायचे कसे, याचे उत्तर कायद्यानंतरही वर्षानुवर्षे सापडले नाही. ट्रॉलरमालक म्हणत, बाजारात येणारी बहुतेक मासळी आमचीच. ते खरे आहे. शिवाय पुढे होड्यांनाही अनुदानावर इंजिने बसली, मग पारंपरिक कोण, हा त्यांचा टोलाही अगदीच चुकीचा नव्हता. तरीही माशाच्या पोटातल्या गाबोळीसकट तळ खरवडणारे जाळे आणि छोटी होडी एकाच तागडीत घालता येत नाहीत.

पावसाळी बंदीचे दिवस अनेकदा कमी-जास्त झाले. आता पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात मासे ओढून धरण्यावर बंदी घातली. 12 सागरी मैलांपुढे राज्याचा अधिकार संपतो, त्यामुळे हा आदेश दिल्लीतूनच यावा लागला. 2018 मध्ये मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याचे प्रकरण गाजले, त्यात गोव्याच्या ताटातले किती नुस्ते, म्हणजे मासे, परराज्यातून येतात, तेही उघडे पडले.

2022 मध्ये मासेमारीच्या अनुदानांवर जागतिक करार झाला. बेकायदा मासेमारी आणि आधीच खालावलेले साठे यांसाठीच्या अनुदानांवर त्यात बंदी आली. जादा बोटी उभ्या करणाऱ्या अनुदानांचा, म्हणजे गोव्यात ट्रॉलर आणले त्याच जातीच्या पैशाचा, निर्णय मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडला गेला.