स्की उतारावरील डिस्क गॉल्फ

बर्फ वितळल्यानंतर स्की केंद्रांच्या मोकळ्या उतारांवर खेळला जाणारा डिस्क गॉल्फ. नियम नेहमीचेच असतात. टी-पॅडवरून, म्हणजे पहिल्या फेकीसाठी ठरवलेल्या जागेवरून, फ्रिस्बीसारखी चपटी डिस्क फेकायची, ती जिथे थांबेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. अमेरिकेत एड हेड्रिक यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान झाले आणि पुढच्याच वर्षी प्रोफेशनल डिस्क गॉल्फ असोसिएशन स्थापन झाली. ते पहिले मैदान सार्वजनिक उद्यानात होते; डोंगरावर हा खेळ नंतर चढला.

स्की केंद्रांना तो सोयीचा वाटण्याचे कारण उघड आहे. जंगल तोडून काढलेले रुंद पट्टे, वाहनतळ, उपाहारगृह, चेअरलिफ्ट हे सगळे तयारच असते आणि उन्हाळ्यात रिकामे पडलेले असते. ऑरेगनमधील माउंट बॅचलरवर खेळाडू चेअरलिफ्टने वर जातात आणि खेळत खेळत पायथ्याशी उतरतात. व्हरमाँटमधील स्मगलर्स नॉच केंद्राच्या मैदानांवर २०१८ आणि २०२३ मध्ये व्यावसायिकांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. २०२३ मध्ये महिला गटात एस्टोनियाची क्रिस्टिन टॅटार विजयी झाली.

उतारावर डिस्कचे उड्डाणच बदलते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकलेली डिस्क वेग कमी होताच डावीकडे वळते. खाली फेकताना जमीनही खाली सरकत असल्याने ती हवेत जास्त वेळ राहते, आणि हे शेवटचे वळण लांबत जाऊन डिस्क थेट झाडीत शिरते. नवखे खेळाडू सवयीने डिस्क आडव्या पातळीत सोडतात किंवा तिचे नाक, म्हणजे पुढची कड, वर ठेवतात. ती उंच चढते, अडखळते आणि बाजूला पडते. खांदे उताराला समांतर झुकवून, नाक खाली ठेवून सोडलेली डिस्कच नीट जाते. चढावर उलट घडते: वेग लवकर संपतो, म्हणून सहज उजवीकडे कलणारी, हलकी डिस्क निवडतात.

उंचीचाही परिणाम होतो. २५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी असते. विरळ हवेत उचल कमी मिळते आणि समुद्रसपाटीजवळ सरळ जाणारी डिस्क इथे लवकर डावीकडे झुकते. त्यातच ऊन चढले की वारा दरीतून वर वाहू लागतो. उताराकडे फेकणाऱ्याला तो समोरून लागतो आणि डिस्कला उजवीकडे ढकलतो, म्हणजे विरळ हवेच्या अगदी उलट. त्यामुळे सकाळी जमलेली फेक दुपारी त्याच टी-पॅडवरून जमेलच असे नाही.

लोक इथे येतात ते लांबच लांब फेकीसाठी, पण गुण जातात ते बहुधा बास्केटजवळ. बास्केट तीव्र उतारावर असेल तर पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकण्यासाठीची जवळची फेक, हुकल्यावर डिस्क कडेवर पडते आणि चाकासारखी घरंगळत सुटते. त्यासाठी वेगळा दंड नाही. डिस्क थांबेल तिथून पुन्हा वर फेकायचे, एवढीच शिक्षा, आणि ती पुरेशी असते. शिवाय बास्केटपासून १० मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. सपाटीवर क्षुल्लक वाटणारा हा नियम खाली तोंड करून उभ्या असलेल्या खेळाडूची परीक्षा पाहतो. म्हणून जाणकार खेळाडू अनेकदा पट मारण्याचा मोह टाळतात आणि डिस्क बास्केटच्या खालच्या अंगाला सपाट पडेल अशी टाकतात, म्हणजे पुढची फेक चढाकडे होते.

मैदान आखताना लिफ्टचे खांब, कृत्रिम बर्फाच्या पाइपलाइनी आणि पावसाचे पाणी वळवण्यासाठी उतारावर आडवे खणलेले चर टाळावे लागतात. पायवाट सरळ खाली नेली तर माती वाहून जाते, म्हणून ती नागमोडी ठेवतात. उंच गवतात हरवलेली डिस्क शोधायला नियमाने तीन मिनिटे मिळतात. रॉकी पर्वतात उन्हाळी दुपारी विजांसह वादळे येत असल्याने तिथे फेरी सकाळी लवकर सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. वीज जवळ आल्यास चेअरलिफ्ट बंद होते आणि वर अडकलेल्यांना चालत उतरावे लागू शकते.